पानाच्या तळाशी

कंपनीच्या पोर्टलचं पहिलं पान बनवताना मी तळाशी तात्पुरता माझाच मोबाइल नंबर टाकला होता: ‘अडचण आल्यास फोन करा.’ पुढे त्याच पानाला जोडून चारशे पानं निघाली आणि मूळ पानावरचा नंबर प्रत्येकावर आपसूक उतरला. रोज पन्नास फोन! नंबर काढतो म्हटलं की साहेब हात जोडायचे, “बाबा रे, मूळ पानाला हात लावू नकोस, सगळीच कोसळतील.”

सहा वर्षांनी वैतागून नोकरीच सोडली.

नव्या ऑफिसातला पहिलाच दिवस. शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं पोर्टल अडकलं. “कुठल्याशा कंपनीकडून तयार विकत घेतलंय मेलं! पण मदतीला माणूस दिलाय हो,” म्हणत त्यांनी पानाच्या तळाशी बघून फोन लावला.



माझा खिसा वाजला.