तिसरी चिठ्ठी

बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती आणि ‘आठी’ या शब्दाची तिसरी चिठ्ठी सापडत नव्हती.

शब्दकोशाच्या कचेरीचा नियम जुना होता. एखाद्या शब्दाचा नवा अर्थ छापायचा, तर तो तीन वेगवेगळ्या माणसांनी वापरल्याच्या तीन चिठ्ठ्या हव्यात. सहसंपादक बाईंकडे दोन होत्या. बारा वाजता छापखान्याचा माणूस पान न्यायला येणार होता.

‘आठी’चा पहिला अर्थ पक्का होता: राग किंवा नापसंतीमुळे कपाळावर पडणारी घडी. शब्द मुळात आला कुठून, यावर दोन जाणकारांचं जमलं नव्हतं, म्हणून व्युत्पत्तीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना दुसरा अर्थ हवा होता: लक्ष देऊन ऐकताना पडणारी घडी.

कारण होती त्यांची आठ वर्षांची मुलगी. ‘चेहऱ्यावर सतत आठी. उद्धट होत चालली आहे,’ असा शेरा शाळेतून आला होता. बाई तडक भेटायला गेल्या. “ती रागावत नाही हो, ऐकत असते,” त्या म्हणाल्या. वर्गशिक्षिकेने हसून विचारलं, “आठीचा असा अर्थ असतो? तुमच्याच कोशात दाखवा की!” दाखवता आला नव्हता. त्या आठवड्यापासून मुलीने वर्गात हात वर करणं सोडलं होतं.

मग बाईंनी स्वतःच एक चिठ्ठी लिहिली: ‘बाक बदलल्यापासून माझी मुलगी कपाळाला आठी घालून ऐकते.’ मुख्य संपादकांनी ती सकाळीच परत पाठवली. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘घरचा साक्षीदार चालत नाही.’

मुख्य संपादकांच्या कपाळाला आठी कायमचीच. समोरच्याने तोंड उघडलं की ती पडायची आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर मरायचं. त्यांनी आपलं टेबल उजव्या बाजूने भिंतीला चिकटवून घेतलं होतं. निदान एका बाजूने तरी माणसं येऊ नयेत म्हणून, अशी कचेरीची समजूत.

“ताई, ‘आ’चे चारही खोके झाले,” शिडीवरून आवाज आला. मुद्रितशोधकांना सगळे अनुस्वार म्हणत. चण लहान, आणि दिवसभर मुक्काम शिडीच्या टोकावर. “‘कपाळ’ पाहिलं, ‘भुवई’ पाहिली. आता फक्त माझं कपाळ बघायचं राहिलंय.”

बाई खोक्यांच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग एकदम ओरडल्याच.

“अहो, आपण रागाच्याच घरात शोधतोय! ‘ऐकणे’ काढा. ‘ऐकणे’!”

“ताई, नऊशे चिठ्ठ्या आहेत त्यात!”

“मग निम्म्या इकडे द्या!”

खोका जमिनीवर पालथा झाला. दोघं गुडघ्यांवर बसली. लपून ऐकणे, कानोसा घेऊन ऐकणे, कोणाचं न ऐकणे. चिठ्ठ्या भराभर बाजूला पडू लागल्या. बाईंचा पदर खांद्यावरून सुटला, तो त्यांनी न बघताच खोचला. दारात छापखान्याचा माणूस हेल्मेट काखेत धरून उभा राहिला.

“पान तयार आहे ना?”

“बसा खाली आणि ‘आठी’ शोधा,” अनुस्वार म्हणाले.

तो बिचारा खरंच बसला. तीनशे झाल्या. पाचशे झाल्या. घड्याळाकडे बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं आणि दोनदा पाहिलं. बाराला चार मिनिटं होती.

“ही का बघा बरं?” छापखान्याचा माणूस म्हणाला.

चिठ्ठी पिवळी पडली होती. अक्षर कोशाच्या पहिल्या संपादकांचं, जे आता हयात नव्हते. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची. बाईंनी ती वाचली आणि अशी आरोळी ठोकली की अनुस्वारांनी छापखान्याच्या माणसाला मिठीच मारली.

गलका ऐकून मुख्य संपादक बाहेर आले. बाई धावत त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या आणि एका दमात वाचून मोकळ्या झाल्या. मुख्य संपादकांच्या कपाळाला आठी पडली. अनुस्वारांनी मिठी सोडली.

मुख्य संपादकांनी मान पूर्ण वळवली. डावा गाल बाईंच्या समोर आणला.

“पुन्हा वाचा.”

“‘आज रुजू झालेला तरुण कपाळाला आठी घालून ऐकतो. एकही शब्द निसटू देत नाही.’”

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. तारखेवर बोट ठेवलं.

“हा मी,” ते म्हणाले. “मला वाटायचं, मी त्यांना आवडलो नाही.”

मग खिशातून लाल पेन्सिल काढून त्यांनी पानावर दुसऱ्या अर्थापुढे सही केली. बाईंनी टाळी वाजवली. छापखान्याच्या माणसानेही वाजवली, कशासाठी ते न कळता. बाईंच्या डोळ्यांसमोर वर्गशिक्षिकेचं टेबल आलं आणि त्यावर आपण उघडून ठेवलेलं हे पान.

मुख्य संपादकांची पेन्सिल मात्र वर सरकली आणि प्रश्नचिन्हापाशी थांबली.

“शब्दाची व्युत्पत्ती काही आपल्याला सापडली नाही,” ते हळू म्हणाले. “माझ्या आठीची मला ठाऊक आहे. हा उजवा कान. लहानपणापासून याने ऐकू येत नाही. सांगायची लाज वाटली, म्हणून टेबल भिंतीला लावलं.”

बाईंचा टाळीसाठी उचललेला हात हवेतच राहिला.

“बाई, तुमच्या चिठ्ठीत होतं ना, बाक बदलल्यापासून?” त्यांनी विचारलं. “बदललेल्या बाकावर शिक्षिकेचा आवाज तिच्या कोणत्या कानाच्या बाजूने येतो?”