कोरडा नळ

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या आमच्या डोंगरातल्या शाळेत हात धुण्याचा सप्ताह चालला होता. त्यासाठी पोरं रोज झऱ्यावरून पाणी आणत होती. शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब नव्या नळाचं उद्घाटन करायला आले. तोटी फिरवली, थेंबही पडला नाही. “असू दे. नुसते हात चोळा आणि फोटोसाठी हसा,” साहेब म्हणाले. पोरांनी हात पुढे केले. दुसरीतल्या युस्तिनानं मात्र पाठीमागे घेतले. “पाण्याशिवाय कसे धुवायचे? तुम्हीच दाखवा की!” साहेब माझ्यावर गुरकावले, “बाई, हिला आवरा. नाहीतर तुमची बदली करतो.” मी तिच्याजवळ गेले आणि माझेही हात मागे बांधले. एकेक करत सगळी पोरं तशीच उभी राहिली. फोटो न काढताच साहेब गेले. महिन्याभरात लाजेकाजेस्तव नळाला पाणी आलं, पाठोपाठ माझ्या बदलीचा कागदही. पोरांनी मला चिंब भिजवूनच निरोप दिला.