न्याम्होनेच्या घरात उपाशी

पाणी पुन्हा पांढरं झालं होतं. काल न्याम्होनेने डोक्यावरून बादल्या आणून काचेची टाकी भरली, तेव्हा आतला खडक लख्ख दिसत होता. आज त्यातले दोन मासे धुक्यात हरवल्यासारखे दिसत होते. आणि येत्या रविवारी तावोंगा घरी येणार होती.

तावोंगा तिची लेक. सरोवराकाठच्या न्खाटा बेच्या या कोळी वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या मासे पकडले, वाळवले, खाल्ले. मासे शिकायला कॉलेजात गेली ती एकटी तावोंगा. जाताना म्हणाली होती, "आई, ही जोडी सांभाळ. या जातीचे मासे सरोवरात आता फार उरले नाहीत. मादी गेली तर माझं सगळं काम पाण्यात." न्याम्होने नुसती हसली होती. तिच्या घरात आजवर कोणी उपाशी राहिलं नव्हतं, तिथे मासा काय राहील!

पण मादी खाईना. न्याम्होनेने आधी लेकीने ठेवलेलं खाणं टाकलं. मग वाळक्या उसिपाचा, त्या बोटभर माशांचा, चुरा केला. मग आजाऱ्यालाही जे पचतं ते, कसाव्याच्या कंदाच्या पिठाचं कोंडोवोले, त्याचे बारीक गोळे वळून टाकले. नर सगळ्यावर तुटून पडायचा. मादी मात्र तोंड मिटून खडकाआड राहायची. हा न्याम्होनेला सरळ सरळ अपमान वाटला. ती आणखी टाकायची.

नणंद एस्नात दारात उसिपा निवडत बसली होती.

"वहिनी, नवरोबा बघा कसे गोल झालेत! बायको उपाशी आणि हे ढेकर देतायत. अगदी माझा भाऊ, देवाघरी सुखी असो."

"तुमच्या भावाला बोलवावं तरी लागायचं का कधी? भांड्याचं झाकण वाजलं की हजर!"

"मग आता भाजून टाका दोघांना. मासा काचेतून बघत बसायचा, ही कुठली तऱ्हा?"

न्याम्होनेला हसू आलं नाही. पाणी का नासतं हे शोधून ती थकली होती. खडक बाहेर काढून घासला. वाळू धुतली. पंपातला स्पंज पिळला. विहिरीचं पाणी सोडून सरोवराचं आणलं. तेवढ्यापुरतं निवळायचं, पुन्हा दुधाळ. शेवटी वैतागून तिने टाकीत बोट बुडवलं आणि नाकाशी धरलं.

आंबूस वास. तिने मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे पिंपात कसावा भिजत पडला होता. त्याचं पाणी असंच पांढरं, वासही हाच.

"वन्सं," ती म्हणाली, "पाणी मीच नासवलं हो. माझ्या कोंडोवोलेने."

एस्नात हसून हसून भिंतीला टेकली. "जन्मभर आमच्या ताटात कोंबलंत, आम्ही निभावलं. तो बिचारा मासा कसा निभावेल?"

न्याम्होनेने चहाच्या गाळणीने तळाचा गाळ काढला आणि वाढणं थांबवलं. बादल्या वाहण्यापेक्षा हे अवघड होतं. जेवायला बसताना ती टाकीकडे पाठ करायची. रोज थोडं पाणी काढायची, थोडं नवं घालायची. पाणी हळूहळू निवळलं आणि मादी धड दिसू लागली. गळा फुगलेला, पोट खपाटीला गेलेलं. पोरीला आता तोंड कसं दाखवायचं?

रविवारी तावोंगा आली ती थेट टाकीपुढे जाऊन बसली.

"आई, हिने काही खाल्लं नाही ना?"

"नाही गं. सगळं करून पाहिलं. माझा हातच हरला." न्याम्होने टाकीशी वाकली. "दुखणं आहे काय तिला?"

"बघ आता."

मादीने तोंड उघडलं. आतून तिळाएवढ्या डोळ्यांचं एक पिल्लू बाहेर आलं. मग आणखी एक. मग सगळा घोळका. तेवढ्यात नर वळला, तशी सगळी पिल्लं भर्रकन आईच्या तोंडात शिरली आणि तोंड मिटलं.

"अगं बाई!" एस्नातच्या हातातलं सूप खाली आलं. "तोंडात पोरं?"

"अंडी घातल्यापासून तोंडातच. घास गिळायला गेली तर पोरंही जातील. म्हणून ती काहीच गिळत नाही."

लेक आपल्याच वस्तीच्या पाण्यातली गोष्ट सगळ्यांना समजावून सांगत होती, आणि ती आल्याचं कळून दारात जमलेले कोळी टोप्या काढून ऐकत होते. न्याम्होने उठून ताटं वाढायला लागली. आज तरी तिच्या वाढण्याला कोणी नाही म्हणणार नव्हतं.

तावोंगा हात धुवायचं पाणी घेऊन गुडघ्यांवर बसली. एस्नात घरात थोरली, पाणी आधी तिलाच. तिने सवयीने हात पुढे केले. "कॉलेजात बरंच शिकवतात म्हणायचं हे!"

"कॉलेजात फक्त त्या माशाचं नाव शिकवलं, आत्या." तावोंगा एस्नातला सोडून उठली, चुलीपाशी गेली आणि आईच्या हातांवर पाणी ओतू लागली. "बाकीचं मी कसाव्याला कीड लागली त्या वर्षी पाहिलं होतं. आम्हा पोरांना वाढून आई रोज म्हणायची, माझं मघाशीच झालं. आणि तोंड मिटून बसायची."