पुढचं चित्र

पक्षाघाताने पुण्यात आईची वाचा गेली, तेव्हापासून मिताली जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत जिद्दीने राबत होती. तशाच रुग्णांना ती चित्रं दाखवून नावं विचारी.

त्यांतले किनोशिता-सान कधीच काही बोलत नसत. आज कपाचं चित्र पाहून ते चक्क मराठीत म्हणाले, "मितू, चहा गार झाला. अजून पारोशीच का?"

आवाज म्हाताऱ्याचा, कटकट मात्र थेट आईची.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "मितू, आई बोलायला लागली गं! पण बहुतेक चिनी बोलतेय. आणि सारखी मला वाकून नमस्कार करतेय. जन्मात कधी केला नव्हता!"

मितालीने पुढचं चित्र उचललं. मांजराचं. किनोशिता-सान गप्पच राहिले.

फोनमधून आईने स्वच्छ जपानीत उत्तर दिलं, "नेको."