निवड कॅमशाफ्टची

मातीच्या ट्रॅकवरच्या रेससाठी जोतिरामला बाइकच्या इंजिनात मोठ्या पोर्टचं हेड आणि जहाल कॅमशाफ्ट हवा होता, म्हणजे सुसाट वेगात जास्त ताकद. गॅरेज सांभाळणारी त्याची बायको शालन म्हणाली, “अहो, तिथं पावलापावलाला वळण. लहान पोर्टचं हेड, साधा कॅम घ्या. कमी वेगात ओढ मिळेल.”

“गाडी मी पळवणार की तू?”

तिने त्याच्या मनासारखं बसवून दिलं. सरावात प्रत्येक वळणावर बाइक गुदमरून बंद पडली. दुपारी ती ढकलत आणून तो म्हणाला, “तुझं बसव.”

रविवारी तो पहिला आला. माइक समोर येताच म्हणाला, “हेड, कॅम, सगळी निवड माझी.”

“हाच कॅम का निवडला?” निवेदकाने विचारलं.

जोतिरामने मागे पाहिलं. शालन शांतपणे हात पुसत होती.

“असले बारीकसारीक प्रश्न हिला विचारा,” म्हणत त्याने माइक तिच्याकडे दिला.