अर्धा पियाला

प्रोग्राम चार वाजता द्यायचा होता आणि बिश्केकच्या ऑफिसात बेगायमचा कोड लिहायचा एडिटर मिनिटामिनिटाला गोठत होता. प्रोसेसर शंभर टक्के. पंख्याची नुसती घरघर.

"रडतेस कसली? एडिटरची अर्धी एक्स्टेन्शन्स बंद कर, मग उरलेल्यातली अर्धी. चोर सापडतोच," मागच्या टेबलावरचे तिलेक बाइके, म्हणजे तिलेकदादा, तिला चहा ओतत म्हणाले. पियाला अर्धाच भरला. इथल्या रीतीत काठोकाठ भरणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं.

सगळी बंद झाली. प्रोसेसर शंभरच.

मग लॉगमध्ये दिसलं, कुठलीशी एकच फाईल सेकंदाला हजारदा लिहिली जात होती. तिनं ती उघडली. आत एकच ओळ, पुन्हा पुन्हा:

"आता बाइके पियाला काठोकाठ भरतील."

"बाइके, ही थट्टा तुमचीच ना?"

मागे चहा ओतल्याचा आवाज येत होता, आणि तो थांबत नव्हता.