गप्प झालेली ओळ

"आत्या, ती घागर खाली ठेवा बरं," कडेवरच्या ओवीला सावरत केतकी सासूबाईंना म्हणाली.

"तुला ऐकवतं तरी कसं गं?" सासूबाई म्हणाल्या. वाफ्यात ओळीओळीला लावलेल्या स्पीकरमधून तहानलेल्या ज्वारीचं रडणं येत होतं. "बीएस्सी झालं की काळीज दगडाचं होतं वाटतं."

केतकीचंही काळीज तुटत होतंच. या स्पीकरांमुळे पिकांची तहान ऐकू यायला लागल्यापासून गावात एकही कोरडा वाफा टिकला नव्हता. कुणीतरी दया येऊन पाणी घालायचंच, आणि कोणतं वाण पाण्यावाचून तगतं हे कळायचं राहून जायचं. तिच्या या चाचणीच्या वाफ्यात ओळीगणिक वेगळं वाण होतं. घागरभर पाणी पडलं असतं तरी वर्ष वाया गेलं असतं.

तेवढ्यात कडेच्या ओळीचं रडणं थांबलं.

रडणाऱ्या लेकराला आई थोडा वेळ रडू देते, पण अचानक गप्प झालेल्याकडे ती धावतच सुटते. ओवीला सासूबाईंकडे देऊन केतकीनं आधी स्पीकरची तार तपासली. तार शाबूत होती. मग भीतभीत तिनं पानं चाचपली. ती हिरवीगार होती, आणि पानांच्या फुगीर पोटरीतून कोवळं कणीस डोकावत होतं.

"मेली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आत्या. पाण्यावाचून तिचं भागतंय."

सासूबाईंनी वाकून त्या पानांवरून हात फिरवला.

"काही न मागता वाढणारी पोर," त्या म्हणाल्या, "आपल्या घरात ही पहिलीच."

केतकीला इतकं हसू फुटलं की ती तिथेच मातीत बसली.